घरट्यासमोरची फांदी

परवा जुन्या सीडी चाळताना एक फोटो सापडला. शिंप्याचं घरटं आणि तोंडाशी चोचीत अळी घेऊन आलेली मादी. घरच्यांनी तेव्हा खूप कौतुक केलं होतं. त्यामागची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. आज सांगून टाकतो.

शिंपी म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी. क्षणभरही एका जागी ठरत नाही. दोन दिवस मागे फिरूनही माझ्या कॅमेऱ्यात नुसती हलणारी पानंच येत होती. मग मामाच्या परसात त्याचं घरटं सापडलं. उजेड यावा म्हणून पुढची फांदी सुतळीने बाजूला बांधली. तासाभरात फोटो मिळाला. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि सुतळी सोडायची राहून गेली. संध्याकाळी घरटं रिकामं! कुंपणावर भारद्वाज बसला होता. पिल्लं त्याने नेली की कावळ्याने, देव जाणे. वाट मात्र मी करून दिली होती.

फोटोवाले घरट्यापाशीच का जातात, या विचारातून मग थोडं वाचन झालं.

रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे भाऊ. 10 एप्रिल 1892 रोजी चेरीने एका गाणाऱ्या कस्तुराच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट, फोटो काढला. 1895 मध्ये त्यांचं घरट्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. पुढे तर बैलाचं पोकळ सोंग करून ते त्यात लपून बसायचे! कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावरचं जड खोकं, काचेच्या प्लेटा मंद. उडत्या चिमण्या पक्ष्यामागे धावणं शक्यच नव्हतं. पक्षी हमखास परत येईल अशी जागा एकच, घरटं.

आणि तो काळ कसला होता? अंडी जमवणं हा छंद होता, पक्षी ओळखायचा तर बंदुकीने पाडायचा. आपल्या सलीम अलींची सुरुवातही 1908 मध्ये छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून झाली. त्या मानाने कीअर्टन बंधूंचा कॅमेरा दयाळूच म्हणायचा.

1930 च्या दशकात अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या झगमगत्या दिव्याने गुंजन पक्ष्याचे पंख फोटोत थांबवून दाखवले. आज साध्या डिजिटल कॅमेऱ्यातही सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात फोटो निघतो. घरट्याची गरज यंत्राला होती, ती केव्हाच संपली. सवय तेवढी उरली. आता आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. बरंच आहे.

कीअर्टन बंधूंचा नाइलाज होता. माझा कसला होता? घाई, दुसरं काय!

हल्ली मी पाणवठ्याजवळ किंवा फुललेल्या पांगाऱ्याखाली, थोडं लांब बसतो. शंभर फोटोंत एखादा बरा येतो. मामी अजून तो शिंप्याचा फोटो फ्रेम करून मागते. मामी, हे वाचत असशील तर समजून घे. दुसरा देईन, तो नको.