सीपी सागाची कुळकथा

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरात चक्क लाकडाची शोभायात्रा निघाली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान रवाना होत होतं. पुढे दक्षिणेतल्या कारागिरांनी त्यावर नक्षी कोरली, काही दारांना सोन्याचा मुलामा चढला. गाजलं ते मात्र 'बल्लारशाचा साग' म्हणून.

बल्लारशा, म्हणजेच बल्लारपूर, हे काही या सागाचं माहेर नव्हे. नामांकित रानं तिथून बरीच आत, अहेरी-आलापल्लीकडे. तिथला राखून ठेवलेला जुना तुकडा, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली', २०१४ साली जैविक वारसा स्थळ ठरला. या कोरड्या पानझडी जंगलात साग सावकाश वाढतो. गाभ्याच्या सोनेरी-तपकिरी रंगावर काळसर रेघा उमटतात, आणि अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा फिरकत नाही. ओंडके ओढायला वनखात्यानं हत्ती पाळले. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याच कामातून उरला.

रानातला माल रेल्वेपाशी यायचा. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास सलग जोडली गेली. डेपोत थप्प्या लागल्या, लिलाव पुकारले गेले. जिथं बोली, तिथलं नाव.

दुसरं नाव याहून जुन्या मुलखाचं. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, उभा केला. चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा त्यातच होता. त्याच आद्याक्षरांवरून लाकूड झालं 'सीपी टीक'. १९५० मध्ये प्रांताचं नाव गेलं, १९५६ मध्ये चांदा मुंबई राज्यात आला, १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. लाकडाच्या वखारीत अजून 'सीपी'च मागतात.

जुन्या फर्निचरच्या दालनांतही असंच घडतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा अमेरिकन विभाग १९२४ साली उघडला. अठराव्या शतकातल्या कोरीव खुर्च्या आणि कपाटं अशा दालनांत फिलाडेल्फियाची म्हणून मिरवतात. त्यांचं महोगनी जमैका-होंडुरासकडून जहाजानं आलेलं. पाटीवर सुताराचं शहर ठळक असतं, झाडाचं रान क्वचितच.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. कुठला दगड, कुठले गालिचे, याची सरकारी यादी निघाली. त्यात सागवानापुढे गाव होतं नागपूर: विदर्भातल्या सागाची मोठी बाजारपेठ आणि राज्याच्या वन विकास महामंडळाचं मुख्यालय.