दोन इंच फोम

स्लीपरचा बर्थ मऊ असतो, याचं आपल्याला काहीच वाटत नाही. पण १९७४ साली 'थर्ड क्लास' हे नाव गेलं, तरी सेकंड क्लासवाल्यांच्या पाठीखाली बहुतेक गाड्यांत लाकडी फळीच राहिली. रात्रभर त्यावर झोपून बघा म्हणजे कळेल! त्या फळीवर दोन इंच फोम घालायचं ठरवलं रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी. (मूळचे फिजिक्सचे प्राध्यापक.) सुरुवात झाली २६ डिसेंबर १९७७ ला, मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेसपासून. या गाडीला फर्स्ट क्लासच नव्हता. भुसावळहून नागपूरकडे जाताना ती आमच्या बोदवडवरून न थांबता जाते. असो, फोम मात्र पुढे सगळ्याच गाड्यांत आला. जनरलवाले अजूनही दारापाशी पेपर अंथरून रात्र काढतात.