सामर्थ्यवाचक रचनांचा विवेक

एखादी क्रिया सिद्धीस नेण्याची कर्त्याची योग्यता म्हणजे सामर्थ्य. ज्या क्रियारचनेने या योग्यतेचे विधान होते, ती सामर्थ्यवाचक रचना. मराठीत अशा रचना मुख्यतः चार आहेत. त्या परस्परांचे पर्याय नव्हेत. सामर्थ्याच्या उगमाविषयी प्रत्येकीचे म्हणणे निराळे असते.

(१) ‘येणे’. ‘तिला पोहता येते’ या वाक्यात शिक्षणाने किंवा सरावाने संपादन केलेले कौशल्य सूचित होते. परिस्थितीची अनुकूलताही हीच रचना सांगते : ‘इथे गाडी लावता येते.’

(२) ‘शकणे’. येथे कर्ता प्रथमेत असतो आणि उगम अनिर्दिष्ट राहतो. म्हणूनच ‘पाऊस येऊ शकतो’ असे अचेतनाविषयीही म्हटले जाते. या रचनेची व्याप्ती सर्वाधिक, म्हणून निश्चिती सर्वांत कमी.

(३) शक्य क्रियापद. ‘त्याला चालवते’, ‘त्याच्याने चालवत नाही’. रूप प्रयोजकासारखेच दिसते, पण प्रयोजक ‘तो गाडी चालवतो’ याहून भेद कर्त्याच्या विभक्तीने कळतो. येथे उगम देहाचे त्राण किंवा मनाचे धैर्य हा असतो. प्रयोग बहुधा नकारार्थी : ‘त्यांचे हाल बघवत नाहीत.’

(४) ‘जमणे’. येथे फलसिद्धी किंवा सोय अभिप्रेत असते : ‘भाकरी जमली’, ‘उद्या जमणार नाही’.

हे भेद केवळ शैलीचे नाहीत, याचे प्रमाण असे. ‘आजीला पुरणपोळी करता येते, पण आता तिला ती करवत नाही.’ कौशल्य आहे, त्राण नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. दोन्ही ठिकाणी ‘शकणे’ योजले, तर ‘करू शकते’ आणि ‘करू शकत नाही’ असा उघड व्याघात होतो. ज्या भेदाच्या लोपाने व्याघात उत्पन्न होतो, तो भेद अर्थाचाच असला पाहिजे.

यावरून नकाराचे विशेष दायित्व निष्पन्न होते. विद्यार्थ्याला ‘लिहिता येत नाही’ असे म्हटले, तर उपाय अध्यापन. ‘लिहवत नाही’ म्हटले, तर शुश्रूषा किंवा विश्रांती. ‘सुवाच्य लिहिणे जमत नाही’ म्हटले, तर सराव. ‘लिहू शकत नाही’ या विधानातून यांपैकी कोणताच उपाय निश्चित होत नाही. प्रगतिपुस्तक, शिफारसपत्र किंवा वैद्यकीय दाखला लिहिणाऱ्याच्या शब्दावर दुसऱ्याचे हित अवलंबून असते. म्हणून नियम असा : उगम ज्ञात असेल, तर तो सांगणारी रचना योजावी, ‘शकणे’ उगम अज्ञात किंवा अप्रस्तुत असेल तेव्हाच योजावे.