पुण्याच्या सायन्स कॉलेजातील वेधशाळा

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात खगोलाचे अध्ययन प्रामुख्याने गणिताच्या अंगाने होई, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली सिद्ध केलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे त्या परंपरेचे ठळक फळ होय. तारे कशाचे बनले आहेत, हा निराळा प्रश्न येथे प्रत्यक्ष वेधाचा विषय झाला तो एल्फिन्स्टन कॉलेजातील भौतिकशास्त्राचे अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्यामुळे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली या कामासाठी पाच हजार रुपये दिले, सरकारने तितकीच भर घातली, आणि मुंबईपेक्षा पुण्याची हवा वेधांना अनुकूल असल्याने नायगमवालांसह ही योजना तेथील सायन्स कॉलेजात गेली. १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील वीस इंची परावर्ती दुर्बीण, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश एकवटणारी दुर्बीण, डब्लिनच्या ग्रब यांनी घडवली होती.

येथील मुख्य काम वर्णपटाचे, म्हणजे प्रकाश त्याच्या घटक रंगांत फाकवून त्यातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखण्याचे होते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात दिसणारी मुख्य हिरवी रेषा हा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे मत होते. तसे असते तर तिची एक कड धूसर होत जायला हवी होती. परंतु नायगमवालांना ती सर्व परिस्थितींत रेखीवच दिसली, आणि ज्यांचे मार्गदर्शन घेतले त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी निर्भीडपणे मांडला. ती रेषा आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे पुढे १९२७ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ बोवेन यांनी दाखवले. एका कॉलेजातील उपकरणाने जागतिक वादात घातलेली ही भर मराठी विज्ञानेतिहासात आजवर मिळाली त्याहून कितीतरी मोठ्या जागेची धनी आहे.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवालांच्या पथकाने सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतले. त्याच गावी अमेरिकेतील लिक वेधशाळेचेही पथक उतरले होते.

मात्र हा सारा डोलारा एकाच माणसाच्या खांद्यावर होता. १९११ मध्ये सायन्स कॉलेजचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, आणि वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली. दुर्बिणीसाठी पैसा उभा राहिला, पण तिच्यामागे उभी राहील अशी शिष्यपरंपरा घडली नाही, हेच या प्रयत्नाचे खरे अपयश होय.