न पेरण्याचे पैसे : अमेरिकेची माती आणि सरकारी तिजोरी

शेतकऱ्याने जमीन पेरायची नाही आणि त्याबद्दल सरकारने त्याला पैसे द्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण अमेरिकेत हे १९३३ पासून या ना त्या रूपात चालत आलं आहे. त्या पैशाने सरकारने नेमकं काय विकत घेतलं, माती की भाव, हे आज पाहू.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते. तेव्हा गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरच्या वर भाव होता. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास इथली गवताची माळरानं नांगराखाली आली. युद्ध संपलं, भाव कोसळले, तशी लोकांनी तूट भरून काढायला आणखी जमीन नांगरली. मग १९३० नंतर दुष्काळ पडला. मातीला धरून ठेवणारं गवत उरलंच नव्हतं, आणि माती उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळात तर भरदिवसा अंधार झाला. त्याच महिन्यात, २७ तारखेला, मृदसंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट हे मृदाशास्त्रज्ञ त्या खात्याचे प्रमुख झाले. धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असं ते कित्येक वर्षं सांगत होते.

पण पैसे वाटण्याची गोष्ट वेगळीच आहे, बरं का. १९३३ च्या शेती कायद्याने पेरा कमी करणाऱ्याला पैसे दिले ते भाव वाढावेत म्हणून. ६ जानेवारी १९३६ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती योजना घटनाबाह्य ठरवली. आठ आठवड्यांच्या आत संसदेने नवा कायदा आणला. त्यात कापूस, मका, गहू, तंबाखू ही ‘माती झिजवणारी’ पिकं ठरली. गवत आणि द्विदल चारापिकं ‘माती राखणारी’. पहिली सोडून दुसरी लावा, पैसे घ्या! ज्या पिकांचं उत्पादन सरकारला कमी करायचं होतं, तीच माती झिजवणारी निघाली. म्हणजे संवर्धन खरं होतंच, पण त्याच्या आडून भावाचं धोरणही पुढे चाललं होतं.

यात भरडला कोण गेला? दक्षिणेतला बटाईदार. पैसे मुख्यतः जमीनमालकाच्या हातात पडत. पेरा घटला की बटाईदाराची गरजही घटे, आणि अनेक कुटुंबांना घर सोडावं लागलं. १९३४ मध्ये आर्कान्सात काळ्या आणि गोऱ्या बटाईदारांनी मिळून संघटना उभारली, ती याच अन्यायातून.

पुढे १९५६ मध्ये ‘सॉइल बँक’ आली. तिथेही जमीन पडीक ठेवण्याबद्दल मोबदला होता. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने प्रचंड धान्य खरेदी केलं, भाव चढले, आणि कृषिमंत्री अर्ल बुट्झ यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरायला सांगितलं. तीसच्या दशकात वाऱ्याला अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगाही ठिकठिकाणी तोडल्या गेल्या.

ऐंशीच्या दशकात भाव पुन्हा पडले. १९८५ च्या कायद्याने धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या करारावर गवताखाली ठेवण्याची योजना आणली. शिवाय अशी जमीन बेफिकीरपणे नांगराल तर इतर अनुदानंही जातील, अशी अट घातली. इथे मात्र फरक दिसला. १९८२ ते २००७ या काळात पिकाखालच्या जमिनीची धूप चाळीस टक्क्यांहून अधिक घटली, असं सरकारी पाहणी सांगते. त्यात नांगरट कमी करण्याच्या नव्या पद्धतींचाही वाटा होता.

२००७ मध्ये या योजनेत साडेतीन कोटी एकरांहून अधिक जमीन होती. मग इथेनॉलमुळे मका महागला, करार संपले, आणि गवत पुन्हा नांगरलं गेलं. २०१४ च्या कायद्याने योजनेची कमाल मर्यादाच २ कोटी ४० लाख एकरांवर आणली.

तेव्हा पैसे वाया गेले असं म्हणता येत नाही. पण सरकारने माती विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. भाव पडलेले असताना हे भाडं शेतकऱ्याला परवडतं. भाव चढले की बाजार त्याहून जास्त देतो. आणि ते भाडं मालकाला मिळतं, कसणाऱ्याला मिळेलच असं नाही. कुठल्याही देशातली अशी योजना तपासताना हे दोन मुद्दे आधी बघावेत.