घंटा होती नर्ससाठी

थंडीच्या दिवसांत गल्लीतून जाताना एखाद्या घरापुढच्या दोरीवर रोज तीच गोधडी वाळत घातलेली दिसते. सगळ्यांना कळतं, कुणी बोलत नाही. आणि बोललंच, तर त्या पोरालाच घालूनपाडून बोलतं. आज आम्ही त्या ओल्या गोधडीचा इतिहास सांगणार आहोत. हसू नका, याला खरोखरच मोठा इतिहास आहे.

मिसर देशात साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं औषधांचं एक हस्तलिखित सापडलं. त्यात मुलांच्या या तक्रारीवर उपाय लिहून ठेवलेला आहे. रोमचा प्लिनी नावाचा लेखक सांगतो, उकडलेले उंदीर पोराच्या जेवणात घाला. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत ‘शय्यामूत्र’ हा बाळरोगांत मोजलेला आहे, आणि तिळाचा लाडू तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी याच कारणासाठी खाल्ला असेल. उंदरापेक्षा तीळ बरे, एवढं तरी आम्ही नक्की म्हणू.

पण सगळ्यात जास्त वापरलेलं औषध म्हणजे मार. जॉर्ज ऑरवेल हा नावाजलेला इंग्रज लेखक 1903 साली आपल्या बिहारमधल्या मोतिहारीला जन्मला. आठ वर्षांचा असताना त्याला इंग्लंडमधल्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवलं आणि तिथे तो अंथरूण ओलं करू लागला. रोज रात्री तो देवाची करुणा भाकायचा, तरी सकाळी चादर ओलीच. मग छडी. बाहेर येऊन ‘लागलं नाही’ म्हणाला, तर परत बोलावून छडी मोडेपर्यंत मारलं. मोठेपणी त्याने हे सगळं लिहून ठेवलं. माराने सवय सुटली असेलही, पण किंमत फार जबर पडली, असं तो म्हणतो. त्याच्या मनाला जे लागून राहिलं ते वेगळंच होतं: आपण करायचं ठरवलंच नाही, आपल्या हातातही नाही, तरी आपण गुन्हेगार.

आता गंमत बघा. ऑरवेल एक वर्षाचा होता तेव्हाच, म्हणजे 1904 साली, वेगळा रस्ता सापडला होता. तोही चुकून. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात फाउंडलर नावाचे बालरोगाचे डॉक्टर होते. वॉर्डातली मुलं रात्री ओल्यात पडून राहायची. नर्सला वेळेवर कळावं म्हणून त्यांनी अंथरुणात विजेची जोडणी केली. लघवीत क्षार असतात, त्यातून वीज वाहते. अंथरूण ओलं झालं की जोडणी पुरी व्हायची आणि घंटा वाजायची. घंटा नर्ससाठी होती, मुलासाठी नव्हे. पण काही काळाने दिसलं, की घंटा वाजणाऱ्या अंथरुणातली मुलं हळूहळू कोरडी राहू लागली आहेत! औषध नाही, मार नाही.

तरी ही गोष्ट बरीच वर्षं मागे पडून राहिली. ती पुढे आणली अमेरिकेतल्या एका नवराबायकोने. न्यू हेवन गावातल्या मुलांच्या निवासात ऑर्व्हल होबार्ट मॉवरर आणि विली मे मॉवरर हे दोघे आईबापांच्या जागी राहून मुलं सांभाळत. विली मे स्वतः मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांनी कापडाच्या थरांत धातूची जाळी घालून गादीवर टाकायचं पांघरूण तयार केलं आणि त्याला बॅटरी व घंटा जोडली. मुलं होती 30. 1938 साली त्यांनी लिहिलं, की सगळीच्या सगळी कोरडी झाली. ज्या घरात सकाळी तीस-तीस अंथरुणं बघायची, तिथल्या बाईला या कामाची किंमत कुणी सांगायला नको.

पाव्हलॉव्हचा कुत्रा शाळेतल्या पुस्तकात वाचला असेल. घंटा वाजली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मॉवरर दांपत्याचा विचार तिथूनच आला. मूत्राशय भरतं, थेंब पडतो, घंटा वाजते, जाग येते. असं रोज झालं की पुढे नुसतं भरल्याची जाणीव झाली तरी जाग येते, नाहीतर लघवी धरून ठेवणं जमतं.

आज हे यंत्र काडेपेटीएवढं झालं आहे. ओल ओळखणारा तुकडा चड्डीला लावायचा, घंटी खांद्याशी. पण खरं काम घरातल्या माणसालाच करावं लागतं. पहिले काही आठवडे पोराला घंटा ऐकूच येत नाही. शेजारच्या खोलीतली आजी उठते, पोरगं घोरत असतं. अशा वेळी आईने नाहीतर बापाने (हो, बापानेही) उठून त्याला पूर्ण जागं करायचं, संडासाला न्यायचं, कपडे बदलायचे, घंटी परत लावायची. दोन-तीन महिने रोज. ओळीने 14 रात्री कोरड्या गेल्या की थांबायचं. साधारण तीनांतली दोन मुलं यातून कोरडी होतात. काहींचं पुन्हा सुरू होतं, त्यांना परत लावता येतं. दिवसभर शेतात राबून रात्री उठणं ज्या घरात जमणारच नाही, तिथे आत्ता लावू नये. अर्धवट सोडलं की पोराला वाटतं आपणच नापास झालो.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काहीच लावायची गरज नाही. आईला किंवा बापाला लहानपणी हीच सवय असेल तर मुलालाही असण्याचा संभव बराच असतो, तेव्हा ओरडण्याआधी सासूबाईंना नवऱ्याच्या लहानपणाबद्दल विचारून बघा. आणि दिवसाही कपडे ओले होत असतील, लघवीला जळजळ असेल, शौचाला खडा होत असेल, किंवा पोराला एकाएकी फार तहान लागून ते वाळत चाललं असेल, तर घंटीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे न्या.