महाधमनीच्या कमानीतील शाखाभेद

छातीच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘बोव्हाइन आर्च’ असे शब्द वाचून रुग्ण धास्तावतो. प्रत्यक्षात तो आजार नव्हे. रक्तवाहिन्यांच्या मांडणीतला तो एक जन्मजात भेद असतो.

हृदयातून निघालेली महाधमनी आधी वर चढते, मग डावीकडे व मागे वळून कमान करते आणि छातीत उतरते. कमानीच्या माथ्यावरून सामान्यतः तीन शाखा निघतात. पहिली अनामी धमनी. ती दुभंगून उजवा हात आणि मानेची उजवी बाजू यांना रक्त पुरवते. दुसरी डावी ग्रीवा धमनी डोक्याकडे जाते आणि तिसरी, डावी अधोजत्रुक धमनी, डाव्या हाताकडे. ढोबळमानाने चारांपैकी तिघांत हीच रचना आढळते.

उरलेल्यांत सर्वाधिक आढळणारा भेद म्हणजे पहिल्या दोन शाखांचा उगम एकत्र असणे, किंवा डावी ग्रीवा धमनी अनामी धमनीतूनच फुटणे. यालाच ‘बोव्हाइन’, म्हणजे गोवंशीय, म्हणतात. नाव मात्र चुकीचे आहे. गाईबैलांत कमानीवरून एकच मोठे खोड निघते व त्यातून सर्व शाखा फुटतात. माणसात तसे नसते. तरीही हे नाव रूढ झाले ते झालेच. काहींत डावी कशेरुक धमनी अधोजत्रुक धमनीतून न निघता थेट कमानीवरून निघते.

शंभरांत एखाद्यात उजवी अधोजत्रुक धमनी कमानीच्या अगदी शेवटी, डावीकडून उगम पावते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे जाते. गर्भावस्थेत कमानीच्या धमन्या जोड्यांनी तयार होतात व त्यांतील काही भाग विरतात. उजवीकडची चौथी कमान, जी टिकायला हवी, तीच विरली की हा भेद उद्भवतो. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना मात्र घास अडकतो. इंग्रज डॉक्टर डेव्हिड बेफर्ड यांनी 1794 मध्ये अशाच एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. गिळता न आल्याने ती खंगून मरण पावली होती. या वाहिनीचे ‘लुसोरिया’ हे नाव ‘निसर्गाची थट्टा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले. तिच्या उगमाशी कधीकधी फुगवटा असतो; 1936 मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या कोमेरेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. तो वाढू किंवा फुटू शकतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवावे लागते.

एरवी निरुपद्रवी असलेले हे भेद उपचाराच्या वेळी महत्त्वाचे ठरतात. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी करताना लुसोरिया धमनी असल्यास कॅथेटर वळणावर अडतो आणि हृदयाकडे नेणे कठीण होते. डाव्या ग्रीवा धमनीत स्टेंट बसवताना ‘बोव्हाइन’ रचनेतले तीव्र वळण आड येते. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी अँजिओग्राफीत या वाहिन्या त्रिमितीत दिसतात व मार्ग आधीच ठरवता येतो.

सर्वांत नाजूक प्रसंग थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचा. स्वरयंत्राची उजवी नस एरवी उजव्या अधोजत्रुक धमनीला खालून वळसा घालून परत वर येते. लुसोरियात वळसा घालायला धमनी जागेवर नसल्याने नस मानेतून थेट आडवी स्वरयंत्राकडे जाते. शल्यचिकित्सकाला ती तेथे अपेक्षित नसते, आणि ती कापली गेल्यास आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो. छातीचा स्कॅन न्यूमोनियासाठी काढलेला असला तरी त्यात दिसलेल्या या धमनीची एक ओळ अहवालात असावी, आणि थायरॉइडच्या शस्त्रक्रियेला जाताना रुग्णाने तो जुना अहवाल सोबत न्यावा.